धानाच्या बांधीत गहू

भाऊ,

तू कसा गेलास, किती वाजता गेलास, गाडी कुणी आणली, हे तुझ्या तेरवीला मला आठ जणांनी आठ प्रकारे सांगितलं. ते मी इथं लिहिणार नाही. मला तुझ्याशी भांडायचं आहे. दीड वर्ष मी ते भांडण पुढं ढकलत आलो आणि तू मधेच उठून गेलास. ही तुझी सवय नव्हती. वाद अर्धा सोडून तू कधी दुकानाचं शटरसुद्धा ओढलं नाहीस.

वहिनींचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. गेममधल्या नायकाचं जाकीट पिक्चरमधल्या जाकिटाशी जुळतं की नाही, यावर सात माणसं बोलत होती. "गुणवंत, हे गेले," वहिनी म्हणाल्या. मी उठलो नाही. फोन खाली ठेवला आणि जाकिटावर माझं मत दिलं. तपकिरी रंग थोडा गडद हवा, म्हणालो. त्यानंतर मला कळलं की आपण काय ऐकलं. हे तुला सांगतो, कारण तू नक्की विचारलं असतंस, "मंग काय ठरलं जाकिटाचं?"

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरला तुझ्या दुकानात मी पहिल्यांदा आलो तो खेळायला नाही, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला. बीसीएचं पहिलं वर्ष. सौंदडहून रोज गाडीनं गोंदियाला यायचो. आमच्या घरात दहावीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं, त्यामुळं फॉर्मात काय भरायचं हे विचारायलाही घरी कुणी नव्हतं. तुझ्याकडं चार कॉम्प्युटर होते, गेमचे दोन टीव्ही होते आणि भिंतभर पिक्चरची पोस्टरं. तू फॉर्म भरून दिलास, प्रिंट हातात ठेवलीस आणि एका पोस्टरवर बोट ठेवून विचारलंस,

"हा पिक्चर पाहिला का?"

"नाही."

"हा?"

"नाही."

"तुह्या घरी टीव्ही नाही का रे?"

"आहे. बाबा बातम्या लावतात."

"बस मंग इथं. तूच पाहिजे होता मले."

मला वाटलं, तू माझी मस्करी करतो आहेस. पण ती तू घेतलेली परीक्षा होती, माझी नव्हे, गेमची. एखाद्या गाजलेल्या पिक्चरवर गेम आला की तो पिक्चर न पाहिलेल्या माणसाला तू आधी खेळायला बसवायचास. "पाहिलेला माणूस खेळत नाही, तो आठवून राहते. नायक दिसला का शिटी मारते. ज्यानं पाहिला नाही त्यालेबी मजा आली, तं तो खेळ." त्या दिवशी मी वीस मिनिटं खेळलो. नायक दर दोन मिनिटांनी भिंतीत अडकत होता. एक गुंड भिंतीकडं तोंड करून उभा होता, मी मारत होतो तरी वळत नव्हता. तसं मी तुला सांगितलं.

"घरी भांडण झालं असन त्याचं," तू म्हणालास, खडू उचललास आणि बाहेर गेलास.

दाराबाहेर भिंतीला टेकवलेला तो काळा फळा. शाळेनं काढून टाकलेला, एक कोपरा फुटलेला. मधोमध तू पांढऱ्या रंगाची रेघ मारली होतीस. रेघेच्या वर तुझं मत आणि मताच्या शेवटी तुझं नाव. "खेळा" किंवा "खेळू नका", आणि त्याचं कारण एका ओळीत. रेघेच्या खालचा भाग रिकामा. तो बाकीच्या सगळ्या फुलचूरचा. ज्याला तुझं मत पटलं नाही त्यानं आत यायचं, तुझ्यासमोर बसून तो खेळ खेळायचा, मग बाहेर जाऊन खाली लिहायचं आणि नाव टाकायचं. बिननावाचं लिहिलेलं तू ओल्या फडक्यानं पुसायचास. नाव असलं तर कितीही वाकडं लिहिलेलं असो, पुढचा गेम येईपर्यंत त्याला हात लावायचा नाहीस.

समोरच्या कापडवाल्या किशोरभाईंनी एकदा लिहिलं होतं, "हमें तो मज़ा आया." तू त्यांना गाठलंस. "पिक्चर कितनी बार देखी?" "पाँच बार." "वही तो बोल रहा हूँ." ते चिडून गेले, पण महिनाभर त्यांची ओळ तुझ्या ओळीखाली राहिली. आणि वहिनींनी लिहिलेलं आठवतं का? "खेळ कसाही असो, गॅस संपला आहे." खाली सही. नियमाप्रमाणे तेही पुसलं नाहीस. लोक आठवडाभर दुकानात येऊन विचारत होते, "सिलिंडर आलं का भाऊ?"

त्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर मी प्रोग्रॅम लिहायला शिकलो. कॉलेजात एका मशीनवर तीन जण बसायचो, तुझ्याकडं मी एकटा. तू बारावीनंतर शिकला नव्हतास आणि ते तुला बोचायचं, हे मला फार उशिरा कळलं. मला इंग्रजी पुस्तक समजलं नाही की तू म्हणायचास, "पुन्हा वाच. मले तं दहादा वाचूनबी नाही समजत, तुले तिसऱ्यांदा समजन." पदवीचा कागद मिळाला त्या दिवशी बाबा सौंदडहून आले होते. त्यांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि आधी तुला दिला. तू हात पँटला पुसलेस, मग धरलास. बाबा आणि तू दोघं तो कागद धरून उभे होतात आणि तो वाचत दोघंही नव्हतात. या पत्रात कितीही कडू लिहिलं तरी हे चित्र मला कुठंतरी लिहून ठेवायचंच होतं.

आपलं भांडण तेव्हाही होतंच. पिक्चरवरचे गेम इतके वाईट का असतात? मी म्हणायचो, बनवणारे आळशी असतात. नाव मोठं, पोस्टर मोठं, लोक तसेही घेणार, मग मेहनत कोण करतो? तू म्हणायचास, दोष तारखेचा. चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर आपण एका रविवारी बसलो होतो. खाली तुझ्या सासऱ्यांच्या बांध घातलेल्या बांध्यांमध्ये धान उभा होता. एका बांधीत लोंब्या वाकल्या होत्या, बाजूच्या बांधीत अजून हिरवा. तू बोट दाखवलंस. "त्या बांधीले कोणी म्हटलं का, शुक्रवारी पिक्चर लागून राहिला, तू बी शुक्रवारी पिक म्हणून? धान आपल्या दिवसानं पिकते. गेम बनवणाऱ्याले शुक्रवार देतात. मंग हिरवाच कापते तो. त्यात भुसाच भेटन." आणि मग तुझा तो एकच नेहमीचा दाखला, पिक्चर उतरल्यावर दोन वर्षांनी आलेला आणि म्हणून चांगला निघालेला एक विदेशी गेम. मी म्हणालो, एका दाखल्यानं काही सिद्ध होत नाही. तू म्हणालास, "तू बनव मंग दुसरा."

मला पुण्याला नोकरी लागली. पिक्चरवरून मोबाइलचे गेम बनवणारी कंपनी. ही बातमी ऐकून तू जो हसलास, तसं तुला मी परत कधी पाहिलं नाही. स्टेशनवर सोडायला आलास. गाडी हलली तेव्हा म्हणालास, "भिंतीकडं पाहणारे गुंड तेवढे सरळ कर." मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

आता तुला सांगतो की तिथं काय असतं. तू कधी नीट विचारलं नाहीस आणि मी लाजेनं सांगितलं नाही. आम्हाला पिक्चर दाखवत नाहीत. दोन पानांची गोष्ट देतात, काही फोटो देतात आणि शुक्रवार देतात. आधीच्या कुठल्यातरी पिक्चरचा पळण्याचा गेम तयार असतो. त्यातला माणूस काढायचा आणि नवा बसवायचा. नायकाच्या मिशीसाठी नायकाच्या माणसांकडून अकरा दिवस निरोप येत-जात होते. गुंड कुठं पाहतो आहे, हे अकरा मिनिटंसुद्धा कुणी विचारलं नाही. तुझं बरोबर होतं, दोष तारखेचा होता. हे मला पहिल्याच वर्षी पटलं होतं आणि मी तुला कळवलं नाही. कारण तुला कळवलं असतं तर तू पुढचा प्रश्न विचारला असतास, "मंग तू काय करून राहिला तिथं?"

मग तो पिक्चर आला. शहरातून गावी परतलेला नायक, तलावाच्या पाण्यावरून भांडण, धानाची शेती. दोन पानं वाचून मला भरून आलं होतं. आपल्याकडचं काहीतरी पहिल्यांदा माझ्या टेबलावर आलं होतं. गेममध्ये नायक शेतांमधून पळतो. शेतं आधीच्या एका पंजाबातल्या पिक्चरच्या गेममधून उचललेली होती. पिवळा, गुडघ्याच्या वर आलेला, कोरड्या जमिनीतला गहू. चित्रांचं काम करणारी मुलगी नाशिककडची. तिनं मला बोलावून पडद्यावर दाखवलं. "तू तिकडचा ना? भात असाच दिसतो ना?"

भाऊ, मी त्या पडद्याकडं पाहिलं. पायाखालचा चिखल, पाणी, बांधीचे बांध, पऱ्ह्यातली रोपं लावताना वाकलेल्या माझ्या आईची पाठ, यातलं काहीच तिथं नव्हतं. सगळ्या ऑफिसात धान ओळखणारा मी एकटा होतो. नवी शेतं काढायला चार दिवस लागले असते. शुक्रवार सहा आठवड्यांवर होता आणि बाकीची कामं पडली होती.

मी म्हणालो, "चालेल."

गेम आला त्या दिवशी मी तुला फोन केला.

"भाऊ, गेम उतरवून घे आणि पाच स्टार दे. दुकानात येतील त्यांनाही द्यायला लाव."

"खेळू तं दे आधी."

"खेळ नंतर. पहिल्या दोन दिवसांचे स्टार महत्त्वाचे असतात."

"गुणवंता, तू हे मले सांगून राहिला?"

"सगळेच करतात, भाऊ."

"पिक्चर पाहिला नाही मी अजून. बरं झालं. खेळतो," म्हणालास आणि फोन ठेवलास.

पंपाचा एक भाग आणायला बाबा गोंदियाला आले होते. नेहमीप्रमाणे तुझ्याकडं चहाला गेले. त्यांचा फोन आला तो तुझ्या दुकानाबाहेरून.

"फळ्यावर तुह्या खेळाबद्दल लिवलं हाये," बाबा म्हणाले. मग अक्षर अक्षर लावत वाचलं. "खेळू नका. धानाच्या बांधीत गहू उभा हाये. बनवणारा आपलाच पोरगा हाये, तरी बी. सुखदेव." मग विचारलं, "तुले धान नाही ओळखू आला का रे?"

गेम म्हणजे काय हे बाबांना कधी कळलं नाही. मी पडद्यावर काय काम करतो, हे ते शेजाऱ्यांना सांगू शकत नाहीत. पण ती एक ओळ त्यांना पूर्ण कळली.

"चित्रं दुसरे लोक काढतात, बाबा," मी म्हणालो. "मला दाखवलंच नव्हतं."

"मंग बरं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजातला सुटलेला ताण मला इथं ऐकू आला. "मी तेच म्हटलं. माहा पोरगा रोवण्याच्या चिखलात वाढला. थांब, सांगतो सुखदेवले."

ते आत गेले आणि तुला सांगितलं. तू काय म्हणालास, हे मला पुढं वहिनींकडून कळलं. काहीच नाही. बाबा चिडले, भर दुकानात बोलले की पोराचं नाव रस्त्यावर मांडायच्या आधी विचारायचं असतं, आणि चहा तसाच ठेवून निघाले. त्यानंतर त्यांनी फुलचूरचा रस्ता सोडला.

मीही त्या संध्याकाळी तुला फोन केला. काय बोललो ते तुला आठवत असेल. मला शब्दन् शब्द आठवतो. तूच म्हणायचास ना दोष तारखेचा, मग आज माझा कसा झाला? तू म्हणालास, "तारीख तुह्या मालकाची. गहू तुह्या डोळ्यापुढं होता." गहू मी पाहिला होता हे तुला माहीत आहे, हे मला कळलं. म्हणूनच मी ते बोललो, की गेम खेळायला देणं आणि गेम बनवणं यात फरक असतो, बारावी झालेल्या माणसाला तो कळणार नाही.

तुला शिव्या देता येत होत्या. त्या तू दिल्या नाहीस. म्हणालास, "खालचा भाग रिकामा हाये. ये, माह्यासमोर खेळ, अन् लिव काय लिवाचं ते."

हे तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं.

माझा राग अजून गेलेला नाही, हे तुला कळू दे. तू आधी मला फोन करू शकला असतास. "आपलाच पोरगा" ही दोन शब्दांची जोड टाळू शकला असतास. पिक्चर पाहून आलेले शेकडो लोक तो गेम खेळले आणि एकालाही गहू दिसला नाही, मग तुझ्या चार कॉम्प्युटरच्या दुकानाबाहेर ते लिहून कुणाचं भलं होणार होतं? दीड वर्ष मी रोज आंघोळ करताना तुला हे प्रश्न विचारले. दिवाळीला दोनदा गावी आलो आणि गोंदिया स्टेशनवरून सरळ सौंदडची गाडी धरली.

आणि तो गेम तर वर्षसुद्धा टिकला नाही. पिक्चरच्या नावाचा हक्क ठरावीक मुदतीचा असतो. मुदत संपली, कंपनीनं तो काढून टाकला. आता तो कुणालाच खेळता येत नाही, चांगलाही म्हणता येत नाही, वाईटही म्हणता येत नाही. माझ्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम असं पुसलं गेलं. मी मनाशी म्हणालो की चला, भाऊच्या फळ्यावरूनही आता पुसलं गेलं असेल.

तेरवीला मी बाबांना सोबत घेऊन आलो. ते गोंदियापर्यंत आले, फुलचूरपर्यंत आले आणि रस्त्याच्या पलीकडं कडुनिंबाखाली थांबले. "तू जाऊन ये. मी हाये इथं." मांडवात पंगत बसली होती. दुकान बंद होतं. शटरपाशी फळा होता.

वरच्या भागात तीच ओळ होती. खडू पुसट झालेला नव्हता. खालचा भाग काळाकुळकुळीत, ओल्या फडक्यानं पुसल्यासारखा.

वहिनी बाहेर आल्या. मी फळा वाचतो आहे हे पाहून बोलल्या. "पाणी पडलं का पुसून जाये, मंग पुन्हा लिवत. पोट्टे आता कायले येतात दुकानात, सगळ्यायच्या हातात मोबाइल हाये. नवीन गेमचं लिवणंबी सोडलं यायनं. मी म्हणो, तो खेळ तं बंद पडला, आता कायले लिवता? तं म्हणत, खालचं बाकी हाये."

त्यांनी तुझा मोबाइल आणून दिला. गेम तू काढला नव्हतास. मी त्याच्यावर बोट ठेवलं. सर्व्हरशी संपर्क होत नाही, अशी पाटी आली. पुन्हा ठेवलं, पुन्हा तीच पाटी. तुझ्यासमोर खेळल्याशिवाय लिहायचं नाही हा नियम, आणि आता ना गेम उरला होता ना तू. खडू शटरच्या खाचेत होता, जिथं नेहमी असायचा. मी नियम मोडला. रेघेच्या खाली लिहिलं,

"गहू मला दिसला होता. गुणवंत."

मागे चपलांचा आवाज आला. बाबा रस्ता ओलांडून आले होते. मी बाजूला झालो. त्यांनी वरून वाचायला घेतलं. वरची ओळ त्यांना पाठ होती, तरी अक्षर अक्षर लावत वाचली. मग रेघ. मग खालचं. ते दोनदा वाचलं.

"सुखदेवले माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"अन् मी बोललो तेव्हा तो गप होता."

"हो."

बाबा दुकानाच्या पायरीवर बसले. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही, ते फळ्याशीच बोलत होते. "दीड वर्ष मी याच्या घरचं पाणी नाही पेलो," म्हणाले.

वहिनींनी तांब्याभर पाणी आणून त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी तांब्या उचलला आणि दोन्ही हातांत धरून बसून राहिले.